वखार, वार आणि विलायत: राजापूर आणि कोकणातील परदेशी शिक्षणाची परंपरा

राजापूर आणि इंग्लंड यांचा संबंध कोकणातील बहुतेक गावांच्या तुलनेत जुना आहे. पण तो विद्येचा नसून व्यापाराचा होता आणि त्यातून या गावाच्या पदरात इंग्रजी भाषेचा किंवा इंग्रजी शिक्षणाचा एक कणही पडला नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवणे आवश्यक आहे. अर्जुना नदीच्या काठचे हे बंदर सतराव्या शतकात एका बाजूने अणुस्कुरा घाटाने मलकापूर, पन्हाळा आणि कोल्हापूर या देशावरील बाजारांशी, तर दुसऱ्या बाजूने जैतापूरच्या खाडीतून अरबस्तान आणि इराणी आखाताशी जोडलेले होते. मिरी आणि कापड या मालाच्या ओढीने त्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली. वखार म्हणजे मालाची कोठारे, हिशेबाची कचेरी आणि कंपनीच्या नोकरांची वस्ती यांचे एकत्रित आवार. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफ आणि दारूगोळा पुरविला, आणि त्याची शिक्षा म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून ही वखार लुटली व तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला साथीदारांसह कैद केले. हे कैदी १६६३ मध्ये सुटले. वखारीच्या नुकसानीचा प्रश्न मात्र १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेनने रायगडावर केलेल्या तहापर्यंत चर्चेत राहिला.

हा इतिहास शालेय पुस्तकांमुळे परिचित आहे. त्यात सहसा लक्षात न येणारी बाब अशी की वखारीचा सर्व व्यवहार दुभाषे आणि दलाल यांच्यामार्फत चाले. मालाच्या देवघेवीला भाषा लागते ती मोजकी, आणि ती मोजकी भाषा बाळगणारा मध्यस्थ मिळाला की दोन्ही पक्षांना एकमेकांकडून काही शिकण्याची निकड राहत नाही. त्यामुळे वखार गेली, पुढे गाळाने खाडी उथळ होऊन मोठी गलबते राजापूरपर्यंत येईनाशी झाली, आणि इंग्रजांशी आलेल्या या पहिल्या संबंधाची खूण स्थानिक जीवनात जवळजवळ उरली नाही. कोकणातील मुले इंग्लंडमधील विद्यापीठांत जाऊ लागली ती त्यानंतर दोन शतकांनी, बंदराच्या वाटेने नव्हे तर शाळेच्या आणि शिष्यवृत्तीच्या वाटेने. समृद्ध बंदरांनी जे घडविले नाही ते दरिद्री घरांनी घडविले, असे या परंपरेविषयी म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

या दारिद्र्याचे स्वरूप समजून घेतल्याविना पुढील कथन पोरके राहील. रत्नागिरी जिल्ह्यातील जमीन बहुतांशी डोंगराळ आणि वरकस, म्हणजे नाचणी-वरीसारखी हलकी पिके देणारी. तिच्यावर खोती पद्धतीचा बोजा, ज्यात सरकार आणि कुळे यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत उभा असे. अशा जमिनीवर घरातील सर्वांचे पोट भरत नसल्यामुळे माणसे बाहेर पडत, मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत नोकरी करीत आणि घरी मनीऑर्डर पाठवीत. या माणसाला कोकणात चाकरमानी म्हणतात. विद्यार्थी हा या चाकरमान्याचाच एक प्रकार होता; फरक इतकाच की तो पैसे पाठविण्याऐवजी काही वर्षे इतरांच्या आधारावर जगे. गावी मराठी शाळा, तालुक्याला किंवा जिल्ह्याला इंग्रजी शाळा, नंतर मुंबई किंवा पुणे, आणि प्रत्येक टप्प्यावर एखाद्या नातलगाच्या बिऱ्हाडाचा कोपरा, हा त्याचा ठरलेला प्रवास होता. ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी मागण्याची किंवा वार लावून जेवण्याची सोय होती. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून प्रत्येक घरी नेमल्या वारी जेवणे. दलित आणि इतर बहुजन मुलांना ही सोयही नव्हती, हे विसरून या काळाचे कौतुक करणे एकांगी होईल. शिक्षणासाठी किती चालावे लागे याचे एक नोंदलेले उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आहे: दापोली तालुक्यातील मुरूड गावचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी भर पावसात घाट चढून पायी साताऱ्याला गेला आणि वयाने लहान दिसतो या कारणावरून त्याला परीक्षेला बसू दिले गेले नाही.

कर्वे यांच्याच नात्यातील आणि मुरूडजवळच्याच मुर्डी गावातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे या परंपरेतील सर्वांत ठळक नाव होय. १६ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या परांजपे यांना कर्वे यांनी शिक्षणासाठी आपल्याजवळ ठेवून घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी जी परीक्षा दिली तिचे नाव ट्रायपॉस. गणित विषयातील ट्रायपॉस ही त्या काळी इंग्लंडमधील सर्वांत खडतर परीक्षा समजली जाई: अनेक दिवस चालणाऱ्या प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत ठरावीक तासांत सोडविण्याची कूट उदाहरणे, आणि निकाल गुणानुक्रमे जाहीर करण्याची प्रथा. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्याला रँग्लर, दुसऱ्या वर्गाला सीनियर ऑप्टिमी आणि तिसऱ्या वर्गाला ज्युनियर ऑप्टिमी म्हणत. रँग्लरांतील पहिला तो सीनियर रँग्लर. यासाठी विद्यार्थी कॉलेजच्या अध्यापकांपेक्षा खासगी शिकवणी घेणाऱ्या गुरूंवर अधिक विसंबत. हे गुरू उदाहरणे सोडविण्याचा वेग वाढविण्यात निष्णात असत. या तयारीतून विषयाचे मूलभूत ज्ञान वाढते की नाही याबद्दल केंब्रिजमध्येच मतभेद होते, आणि अखेर १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करण्याची प्रथा बंद करण्यात आली. १८९९ च्या निकालात परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल हे दोघे संयुक्तपणे सीनियर रँग्लर ठरले. या स्थानी पोहोचलेले परांजपे हे पहिले भारतीय होत. आनंदमोहन बोस हे बंगाली विद्यार्थी १८७४ मध्ये पहिले भारतीय रँग्लर झाले होते. परंतु यादीच्या शिरोभागी भारतीय नाव येण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

या यशाचे महाराष्ट्रात जे स्वागत झाले त्यातील उत्साह समजण्यासारखा आहे, पण त्यात एक गफलतही होती, ती अशी की परीक्षेतील क्रमांक आणि गणितातील कर्तृत्व या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या. परांजपे यांनी नंतर पॅरिस आणि गटिंगेन येथेही अभ्यास केला, सेंट जॉन्सने त्यांना फेलो म्हणून निवडले, तरीही त्यांनी संशोधकाचे आयुष्य पत्करले नाही. ते पुण्यास परतले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आजीव सदस्य म्हणजे अल्प वेतनावर, दरमहा सुमारे ७५ रुपयांवर, वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे व्रत घेतलेला शिक्षक. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही हेच व्रत घेतले होते. केंब्रिजच्या फेलोला यापेक्षा कितीतरी अधिक पैसा देणारी पदे सहज मिळाली असती. या परंपरेच्या मुळाशी असलेली अट येथे दिसते: बाहेर पाठविणाऱ्या समाजाने परतीची आणि परतफेडीची अपेक्षा धरली होती, आणि जाणाऱ्याने ती लेखी नसली तरी मान्य केली होती.

ती अट पाळण्यापूर्वी आणखी एक अडथळा ओलांडावा लागे, तो समुद्राचा. धर्मशास्त्रात काही कृत्ये कलिवर्ज्य म्हणून सांगितली आहेत, म्हणजे पूर्वीच्या युगांत चालत असली तरी कलियुगात वर्ज्य; समुद्रपार गेलेल्या द्विजाचा प्रायश्चित्तानंतरही स्वीकार करणे हा त्या यादीतील एक विषय. रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या बृहत् इतिहासात या कलिवर्ज्यांची सविस्तर चिकित्सा केली आहे. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. ज्या किनाऱ्यावरील खारवी, भंडारी आणि मुसलमान दर्यावर्दी पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगत होते, ज्या राजापुरातून गलबते अरबस्तानापर्यंत जात होती, त्याच किनाऱ्यावरील शास्त्री-पंडितांच्या घरांत समुद्रप्रवास हे पातक होते. अर्थात ग्रामण्य, म्हणजे जातीने टाकलेला बहिष्कार, हा नुसता ग्रंथांतील धाक नव्हता. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्या पुढाऱ्यांवर ओढवलेला वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. तेथे साधा चहा एवढा महाग पडला तर बोटीवरचे तीन आठवड्यांचे जेवण आणि विलायतेतील तीन वर्षांचा मुक्काम घरच्यांना किती जड जात असेल याची कल्पना करता येते. केंब्रिजच्या बाजूनेही दार फार आधी उघडले नव्हते. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील फेलोशिप आणि अधिकारपदे अँग्लिकन चर्चच्या अनुयायांखेरीज इतरांना खुली झाली ती १८७१ च्या कायद्याने. म्हणजे परांजपे यांच्या निवडीच्या आधी केवळ तीस वर्षे.

विलायतेतील शिक्षणाचे मोजमाप सत्रांनी होई. केंब्रिजचे वर्ष तीन सत्रांचे: ऑक्टोबर ते डिसेंबर हे मायकेलमस, जानेवारी ते मार्च हे लेंट आणि एप्रिल ते जून हे ईस्टर, प्रत्येक सत्राचा मुख्य भाग सुमारे आठ आठवड्यांचा. पदवीसाठी नऊ सत्रे विद्यापीठाच्या हद्दीत प्रत्यक्ष राहून भरणे सक्तीचे होते, आणि राहण्याचे अंतरही ठरवून दिलेले असे. हुशार विद्यार्थ्यालाही दोन वर्षांत सुटका नव्हती. बॅरिस्टरी शिकण्यासाठी लंडनच्या चार विधिसंस्थांपैकी, म्हणजे इन्सपैकी, एकीत नाव घालावे लागे आणि तेथील हिशेब तर याहून विलक्षण होता: वर्षाला चार याप्रमाणे बारा सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरले हे सिद्ध होई ते त्या संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा, विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने तीनदा आणि इतरांनी सहादा, जेवल्यामुळे. वार लावून जेवलेल्या कोकणी मुलाला ही पद्धत ओळखीची वाटली असती; फक्त येथे प्रत्येक जेवणाचे पैसे मोजावे लागत आणि कोणाचे उपकार मानावे लागत नसत.

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा लंडनमधील अभ्यास या पार्श्वभूमीवर वेगळा दिसतो. त्यांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातील, म्हणजे याच जिल्ह्यातील. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि त्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळविली होती. परतीच्या अटीचा अर्थ येथे सर्वस्वी बदलतो: ज्या संस्थानची सेवा करायची, त्या बडोद्यात या विद्वानाला राहण्यास जागा मिळाली नाही. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, १९२० मध्ये ते लंडनला परतले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधात परीक्षकांनी सुधारणा सुचविल्या आणि त्या करून त्यांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळविली. रँग्लरच्या यादीची भुरळ मराठी समाजाला अधिक पडली, हे खरे. परंतु शिष्यवृत्ती संपल्यानंतरही स्वकष्टाच्या पैशाने पुन्हा त्याच दारी जाऊन अपुरा अभ्यास पुरा करणे ही त्याहून अवघड परीक्षा होती.

या अभ्यासाचा कोकणाला झालेला प्रत्यक्ष लाभही सांगितला पाहिजे. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही, पण १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. ज्या जमीनव्यवस्थेने येथील माणसांना घराबाहेर ढकलले होते, तिच्यावर हल्ला चढविणारा कायदेपंडित परदेशी विद्यापीठातून आला.

नागरी सेवेची वाटही याच काळात इंग्लंडमधून जात असे, कारण आय.सी.एस.ची परीक्षा १९२२ पर्यंत केवळ लंडनमध्ये होई. रायगडजवळील नाते या गावी जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले आणि १९१८ मध्ये या परीक्षेत पहिले आले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. परांजपे यांची कन्या शकुंतला परांजपे यांनीही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातून गणिताची ट्रायपॉस दिली. स्त्रियांना तेथे परीक्षेला बसता येई, पण विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व आणि त्याबरोबरचे हक्क त्यांना मिळाले ते १९४८ मध्ये, आणि सीनियर रँग्लरच्या मुलीलाही त्यातून सूट नव्हती. परत येऊन त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराला वाहून घेतले, जो विषय मराठीत उघडपणे बोलणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे मुरूडच्या कर्व्यांचेच चिरंजीव होते. या दोन कुटुंबांचा एकमेकांत गुंतलेला इतिहास पाहिला म्हणजे विलायती शिक्षणाचा प्रवाह किती थोड्या घरांतून वाहत होता हेही ध्यानात येते.

राजापूरच्या नावाशी या परंपरेचा संबंध जुळला तो लोकसभेमुळे. वेंगुर्ल्यात २५ सप्टेंबर १९२२ रोजी जन्मलेले नाथ पै स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन इंग्लंडला गेले, बॅरिस्टर झाले, तेथील समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, आणि परतल्यावर १९५७ मध्ये राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. १९६२ आणि १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच निवडले. भाताच्या खाचरांत आणि आंब्याच्या बागांत राबणाऱ्या, निम्मे तरुण मुंबईला असलेल्या या मतदारसंघाने परदेशी पदवीधारक माणसाला आपला मानला तो त्याच्या पदवीमुळे नव्हे. सभेत तो मालवणी बोले आणि संसदेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे सारखाच ऐकला जाई. गोलकनाथ खटल्याच्या १९६७ मधील निकालानंतर मूलभूत हक्कांसह राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे त्यांचे खासगी विधेयक घटनेच्या इतिहासात नमूद आहे. त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती १९७१ मध्ये झाली, पण त्याच वर्षी १८ जानेवारीला नाथ पै यांचे बेळगावात निधन झालेले होते.

आजच्या विद्यार्थ्यासमोरील वाट निराळी आहे. परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकून परत येण्याची पद्धत पूर्वीच्या अर्थाने पदवी मिळविण्यासाठी नाही. तेथील अभ्यासाचे श्रेयांक, म्हणजे गुणभाराची मोजणी, मूळ विद्यापीठाच्या पदवीत जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये केलेल्या नियमांनुसार भारतीय पदवीतील ठरावीक मर्यादेपर्यंत भाग परदेशी सहयोगी विद्यापीठातून पूर्ण करता येतो. राजापूर ज्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येते, तेथील विद्यार्थ्याला हे नियम लागू आहेत. मात्र सहामाहीची कल्पना घेऊन जाणाऱ्याला ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये आठ आठवड्यांचे सत्र भेटते आणि त्या आठ आठवड्यांत दर आठवड्याला निबंध लिहून तो शिक्षकासमोर एकट्याने किंवा दोघा-तिघांत मांडावा लागतो. वर्गात मागच्या बाकावर बसून सत्र काढण्याची सवय तेथे कामास येत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती संपूर्ण अभ्यासक्रमासाठी आहे. एका सत्राच्या मुक्कामाचा खर्च बहुधा घरालाच उचलावा लागतो, आणि ही वाट त्यामुळे पुन्हा थोड्या घरांपुरती आकुंचित होण्याचा धोका आहे.

एका सत्राचा मुक्काम हलका समजून हेटाळणे योग्य नाही. परांजपे यांच्या पिढीला अल्प मुक्कामाचा पर्यायच नव्हता, आणि आठ आठवड्यांत आपल्या अभ्यासाच्या सवयी किती कच्च्या आहेत हे कळणे हेही काही कमी नव्हे. प्रश्न तो नाही. समाजाने पाठविलेल्या विद्यार्थ्यावर समाजाचा हक्क असे. स्वतःच्या खर्चाने गेलेल्यावर तो सांगता येत नाही, आणि आजवरची परंपरा तर त्या हक्कावरच उभी राहिली. त्या परतफेडीचा धागा राजापुरात पुढेही दिसतो: नाथ पै यांच्यानंतर राजापूरने मधू दंडवते यांना १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर पाठविले. ते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत होते. हे कॉलेज लंडनहून परतलेल्या डॉ. आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केले होते. कोकण रेल्वेचा पाठपुरावा करणाऱ्यांत दंडवते अग्रभागी होते आणि १९९८ मध्ये तो मार्ग पूर्ण होऊन राजापूर रोड हे स्थानक गावाला मिळाले.